गदा आणि भाकर

खेळांचा इतिहास आमच्याकडे बहुधा विजयांची जंत्री म्हणून लिहिला जातो. कोणत्या मल्लानें कोणत्या मल्लास किती मिनिटांत आस्मान दाखविलें, कोणत्या सालीं कोणाच्या खांद्यावर गदा आली, हें सर्व भक्तिभावानें नमूद होतें. परंतु त्या विजयी पुरुषाच्या ताटांतली भाकर कोणाच्या पैशानें भाजली गेली, आणि ज्या दहा-बारा वर्षांत इतर माणसें संसाराची जुळवाजुळव करितात तीं वर्षें त्यानें हौद्यांत घालविलीं तेव्हां त्याचें घर कसें चाललें, ह्याची चौकशी करण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं. अशी चौकशी करणें म्हणजे पराक्रमास बाजारांत नेऊन बसविणें होय, असा एक समज आहे. आमचा समज उलट आहे. मनुष्य काय करूं शकतो हें त्याच्या बळावर ठरत असेल. पण तें किती वर्षें करूं शकतो हें त्याच्या शिध्यावर ठरतें.

इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं १९२६ सालीं धुळ्यास देह ठेविला, आणि त्यांच्या नांवाचें संशोधनमंडळ त्याच शहरांत जुनीं दप्तरें सांभाळून आहे. दप्तरांची किंमत आम्ही जाणतों. परंतु मल्ल दप्तर ठेवीत नाहीं. त्याचें चरित्र त्याच्या अंगावर लिहिलेलें असतें : मोडलेले कान, मानेचा आणि खांद्याचा एक झालेला गड्डा, आणि वय झाल्यावर मांडी घालूं न देणारे गुडघे. हें दप्तर त्याच्याबरोबरच जळतें. म्हणून ज्याचा वृत्तांत आमच्या डोळ्यांसमोर घडला अशा एका मल्लाच्या निमित्तानें हा विषय मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे.

महाराष्ट्रांत कुस्तीची गोष्ट निघाली कीं बोट आपोआप कोल्हापूर, सांगली, पुणें ह्यांजकडे वळतें. खानदेशाकडे वळत नाहीं. असें असतां २०१४, २०१५ व २०१६ ह्या लागोपाठच्या तीन स्पर्धांत 'महाराष्ट्र केसरी' हा किताब जळगांव जिल्ह्यांतील एकाच मल्लानें जिंकिला. चाळीसगांव तालुक्यांतील सायगांव बगळी हें त्यांचें गांव, आणि विजय चौधरी हें त्यांचें नांव. त्यांच्या आधीं असा तिहेरी मान नरसिंग यादव ह्यांनीं २०११ ते २०१३ ह्या तीन वर्षांत मिळविला होता. ही गोष्ट खानदेशांत घरोघर ठाऊक आहे. तिच्यामागची जमाखर्चाची बाजू मात्र फारशी कोणी उलगडून पाहिलेली नाहीं. आणि ती नीट समजावी म्हणून प्रथम थोडें दूर, इंग्लंडच्या उत्तर भागांत, जाणें जरूर आहे. कारण खेळाडूच्या पोटाचा प्रश्न सभा भरवून आणि मतें मोजून जेथें प्रथम लढविला गेला, अशा स्थळांपैकीं तें एक प्रमुख स्थळ आहे.

यॉर्कशायर आणि लँकेशायर हे गिरण्यांचे व कोळशाच्या खाणींचे परगणे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळीं, म्हणजे १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत, आमच्या खानदेशचा कापूस ज्या चरख्यांवर चढला ते चरखे लँकेशायरचेच. तेथील कामकऱ्यांस रग्बी नांवाच्या खेळाचें वेड होतें. लंबगोल चेंडू काखेंत धरून पळावयाचें, आणि पळणाऱ्यास इतरांनीं मिठी मारून भुईवर लोळवावयाचें, असा तो धसमुसळा खेळ आहे. कुस्तीशीं त्याचें नातें अगदींच दूरचें नाहीं. अडचण अशी होती कीं सामना शनिवारीं व्हावयाचा आणि शनिवारीं दुपारपर्यंत गिरणी चालूच असावयाची. परगांवीं सामना असला कीं त्या दिवसाचा रोज बुडे. ज्यांचे वडील जमीनदार होते त्या दक्षिणेकडील गृहस्थांस रोज बुडणें म्हणजे काय हेंच कळत नव्हतें. 'बुडालेला रोज भरून द्यावा' असा ठराव १८९३ सालीं लंडन येथील सभेंत आला, तेव्हां १३६ विरुद्ध २८२ मतांनीं तो फेटाळला गेला. कारण असें सांगण्यांत आलें कीं पैसा शिरला म्हणजे खेळाचें पावित्र्य जाईल!

पावित्र्याची काळजी वाहणारे बहुधा जेवून आलेले असतात, असा आमचा अनुभव आहे.

दोन वर्षांनीं, २९ ऑगस्ट १८९५ रोजीं, हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील संघांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं जुन्या संस्थेशीं काडीमोड घेऊन स्वतंत्र संस्था काढली. बुडालेल्या रोजाबद्दल दिवसास सहा शिलिंग देण्याचें त्यांनीं ठरविलें. पुढें १८९८ सालीं उघड वेतन देण्यास मोकळीक मिळाली. परंतु तींत एक चमत्कारिक अट होती. खेळाडूस खेळाखेरीज दुसरी नियमित व खरीखुरी नोकरी असलीच पाहिजे. ती सुटली तर त्यानें मैदानावर पाऊल टाकूं नये. वेतन तर द्यावयाचें, पण मनुष्य केवळ खेळावर जगतो हें कबूल करावयाचें नाहीं, असा हा मध्यममार्ग होता. १९०५ सालीं ती अट निघाली. १९०६ सालीं संघांतील गडी पंधराचे तेरा झाले. आणि १९२२ सालीं ह्या निराळ्या झालेल्या खेळास 'रग्बी लीग' हें आजचें नांव मिळालें. जुन्या संस्थेनें आपल्या गड्यांस उघड वेतन देण्यास १९९५ सालीं मान्यता दिली. एवढी साधी गोष्ट पटावयास त्या सभ्य गृहस्थांस पुरीं शंभर वर्षें लागलीं.

आमच्याकडे हा वाद अशा स्वरूपांत कधीं झालाच नाहीं, कारण मल्लास पोसणें हें राजाचें भूषण मानलें जाई. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८९४ ते १९२२ ह्या काळांत, मल्लाचा खुराक हा दरबारी खर्चाचा भाग होता, आणि १९१२ सालीं बांधून पुरें झालेलें खासबाग मैदान त्या आश्रयाची साक्ष देत आजही उभें आहे. मल्लास पगार मिळे असें कोणी म्हणत नसे. त्यास 'आश्रय' मिळे. शब्द बदलला कीं लाज निघून जाते, हा मनुष्यस्वभाव आहे.

खानदेशच्या नशिबीं हा आश्रय नव्हता, आणि येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली तेव्हां खानदेश थेट इंग्रजी अंमलाखालीं गेला. पश्चिमेकडील डोंगराळ मुलखांतल्या लहानसहान भिल्ल सरदारांखेरीज येथें दरबार असा उरला नाहीं. कलेक्टर साहेब मल्ल पाळीत नसत. १९०६ सालीं जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, जळगांव व धुळें हीं दोन कचेऱ्यांचीं गांवें झालीं, कापसाच्या वखारी वाढल्या, अमळनेरास प्रताप गिरणी निघाली. पण मल्लाच्या दुधास पैसा कोणत्याही खात्यावर पडला नाहीं. ज्या मुलखांत राजा नाहीं तेथें कुस्ती जगावयाची ती गांवकीच्या वर्गणीवर आणि जत्रेवर. खानदेशांत तिला 'दंगल' म्हणतात. पिकें घरांत आलीं, देवाची जत्रा भरली, कीं शेतांत नांगरून भुसभुशीत केलेल्या जागेवर माणसांचें कडें उभें राहतें, डफ वाजूं लागतो, आणि पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांपासून आरंभ होतो. उन्हें कलतां कलतां टोपी, फेटा, पितळेचें भांडें आणि मग रोख रुपये असें इनाम चढत जातें. ज्याच्या अंगांत कस आहे असा तरुण एका हंगामांत पांच-पन्नास गांवें पालथीं घालतो. हा त्याचा रोजगार. पण तो हंगामी, आणि एका मोडलेल्या बोटानें बुडणारा.

खर्च मात्र बारमाही असतो. पहांटे उठून शेकड्यांनीं जोर-बैठका काढणाऱ्या देहास दादरची भाकर आणि डाळ पुरत नाहीं. दूध, तूप, बदाम, फळें ह्यांचा रतीब लागतो, आणि तो एकदां लाविला म्हणजे मोडतां येत नाहीं. आठवडाभर मोडला कीं अंग उतरतें. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या घरानें एक मुलगा तालमींत घातला म्हणजे त्यानें एक गडी कामांतून काढला, दोन म्हशींचें दूध विकावयाचें सोडलें, आणि हें सर्व अशा पैजेवर लाविलें कीं जिचा निकाल दहा वर्षांनीं लागावयाचा. आमच्या मध्यमवर्गांत मुलास इंजिनियर करण्यासाठीं कर्ज काढितात, त्याचें आम्ही कौतुक करितों. मल्लाच्या बापाचें कर्ज त्याहून धाडसाचें असतें, कारण नापास झालेल्या मल्लास कोणी कारकून करीत नाहीं.

राजे गेल्यावर ह्या प्रश्नाचें काय झालें, हें खाशाबा जाधव ह्यांच्या चरित्रांत दिसतें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले, त्यास कोल्हापूरच्या महाराजांचें साह्य होतें. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें ठरलें तेव्हां संस्थान विलीन होऊन गेलें होतें, आणि पैसे वर्गणीनें व ज्या कॉलेजांत ते शिकले तेथील प्राचार्यांनीं आपलें घर गहाण टाकून उभे केले, असें सांगतात. खाशाबांनीं कांस्यपदक आणिलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. गांवकऱ्यांनीं बैलगाड्यांची मिरवणूक काढिली. मिरवणूक एका दिवसांत संपली. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, तेथेंच त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठीं त्यांस खेटे घालावे लागले. १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या आयुष्याकडे आम्ही जेव्हां जेव्हां पाहतों तेव्हां तेव्हां पदकापेक्षां १९५५ ची ती नेमणूकच अधिक अर्थपूर्ण वाटते. राजाची जागा सरकारी नोकरीनें घेतली, असा तिचा अर्थ आहे.

हा प्रकार कुस्तीपुरताच नव्हता. पळवणकर बाळू ह्यांच्यासारखा असामान्य गोलंदाज पुण्याच्या गोऱ्या क्लबांत मैदानाची निगा राखणारा चार रुपये महिन्याचा नोकर म्हणून चेंडू टाकीत असे, आणि पुढें मुंबईस रेल्वेनें नोकरी दिली म्हणून त्यांचा खेळ टिकला. १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. पण त्यांचें उपजीविकेचें साधन गोलंदाजी हें नव्हतें, नोकरी हें होतें. इंग्लंडांत १८९८ सालीं नियम असा होता कीं नोकरी असेल तरच खेळ. आमच्याकडे तो नकळत उलटा झाला : चांगला खेळ, तर कदाचित् नोकरी.

ह्या पार्श्वभूमीवर विजय चौधरी ह्यांची हकीकत वाचावी. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ सालीं स्थापन झाली. तिनें १९६१ सालीं औरंगाबादेस महाराष्ट्र केसरी स्पर्धेस आरंभ केला, आणि दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी झाले. मामासाहेब मोहोळ ह्यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा ही आतां त्या किताबाची खूण आहे. स्पर्धेची रचना समजून घेण्यासारखी आहे. एक विभाग मातीचा, एक गादीचा. दोहोंतील विजेते शेवटीं एकमेकांशीं भिडतात. मातीवर वाढलेल्या मल्लास हें अवघड जातें. मातींत पाय रुततो, अंगास माती लागून पकड बसते, आणि चीतपट होईपर्यंत वेळाची पर्वा नसते. गादीवर पाय निसटता, घड्याळ चालू, आणि पंच एकेक गुण मोजीत असतो. नांगरलेल्या शेतांतल्या दंगलींत वाढलेल्या पोरानें तिशीच्या आंत हें दुसरें शास्त्र शिकावयाचें, आणि तें खानदेशांत राहून शिकण्याची सोय अपुरी. म्हणून चौधरी ह्यांनीं पुण्याची वाट धरिली. गांव सुटलें म्हणजे घरचें दूधही सुटतें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तेथें प्रत्येक शेर विकत.

२०१४ ची स्पर्धा अहमदनगरास झाली. हल्लीं त्या शहरास अहिल्यानगर म्हणतात. तेथें अंतिम लढतींत चौधरी ह्यांनीं सचिन येलभर ह्यांस हरविलें. २०१५ च्या नागपूरच्या स्पर्धेंत त्यांच्यापुढें विक्रांत जाधव होते, आणि २०१६ च्या डिसेंबरांत पुण्यांतील वारजे येथें अभिजित कटके. तिन्ही वेळां गदा सायगांवास आली. खानदेशांत त्या दिवसांत जो आनंद झाला त्याचें वर्णन आम्ही करीत नाहीं. ज्या मुलखास कुस्तीच्या नकाशावर जागाच नव्हती त्यानें तो नकाशा तीन वेळां आपल्याकडे ओढून घेतला, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

परंतु पहिल्या गदेनंतर दुसऱ्या गदेसाठीं आणि दुसरीनंतर तिसरीसाठीं उतरणाऱ्या मल्लाच्या मनांत केवळ कीर्तीचा लोभ असतो, असें मानणाऱ्यानें मल्लाचें घर पाहिलेलें नाहीं. चांदीची गदा विकतां येत नाहीं, मोडून खातां येत नाहीं, आणि ती भिंतीवर लागली म्हणून म्हशीस वैरण पडत नाहीं. नरसिंग यादव ह्यांस राज्यशासनानें पोलीस उपअधीक्षक केलें होतें. त्यामुळें तीन गदा म्हणजे एक नोकरी, असा एक अलिखित हिशेब तालमीतालमींतून रूढ झाला होता. तीन वेळां जिंकल्यानंतर विजय चौधरी ह्यांसही शासनानें त्याच पदावर नेमलें. २०१७ सालीं ते त्या गदेच्या मागें नव्हते. ती अभिजित कटके ह्यांच्या खांद्यावर गेली. बाहेरून पाहणारास वाटेल कीं मल्ल ऐन भरांत असतां थांबला. आम्हांस वाटतें कीं ज्या कर्जाचा आम्हीं वर उल्लेख केला, तें त्या दिवशीं फिटलें.

ह्या रीतीविरुद्ध बोलण्यासारखें पुष्कळ आहे. एक मनुष्य गणवेषांत जातो, पण त्याच्याबरोबर उपांत्य फेरीपर्यंत आलेले, तितकेंच दूध प्यालेले, तितकेच कान मोडून घेतलेले दहा मल्ल रिकाम्या हातांनीं गांवीं परततात. पुन्हां, कायद्याची अंमलबजावणी हें कांहीं ढाक लावण्याचें काम नव्हे. तें निराळें शिक्षण आहे, आणि तें तिशीच्या सुमारास नव्यानें घ्यावें लागतें. हडर्सफील्डच्या कामकऱ्यांनीं बुडालेल्या दिवसाचा दाम मागितला होता, पुढच्या तीस वर्षांची सोय मागितली नव्हती. आणि तो दाम संघांतल्या सर्वांस मिळावयाचा होता, केवळ जिंकणाऱ्यास नव्हे. आमचें मत विचाराल तर तीच मागणी अधिक न्यायाची होती. तथापि ज्या घरानें सर्वस्व पणास लाविलें आहे त्यास जाऊन 'नोकरी हें खेळाचें योग्य मोल नव्हे' असें सांगण्याची आमची छाती नाहीं.

दुसऱ्या वाटा हल्लीं दिसूं लागल्या आहेत. चौधरी ह्यांनीं पहिली गदा जिंकिली त्याच २०१४ सालीं प्रो-कबड्डीचे सामने सुरू झाले आणि हुतुतू खेळणाऱ्या पोरांची भर लिलावांत बोली लागूं लागली. लिलाव हा शब्द कानास बरा लागत नाहीं. पण तेथें करार असतो, मुदत असते, आणि हरलेल्या गड्यासही त्याचा आंकडा मिळतो. खुद्द जळगांवांत जैन इरिगेशन ह्या कारखान्यानें क्रिकेट, कॅरम इत्यादि खेळांतल्या खेळाडूंस आपल्या पदरीं नोकरींत घेतलें आहे. जुना आश्रयच तो, दरबाराऐवजीं कारखान्याचा. आणि महाराष्ट्र केसरींत २०२३ च्या जानेवारींत पुण्यास शिवराज राक्षे ह्यांस गदेबरोबर एक मोटारगाडीही मिळाली. तिच्या पेट्रोलाची तरतूद कोणीं केली तें मात्र वर्तमानपत्रांनीं छापलें नाहीं!

विजय चौधरी ह्यांनीं कुस्ती मात्र सोडली नाहीं. त्याच २०२३ सालीं कॅनडांतील विनिपेग येथें जागतिक पोलीस व अग्निशामक दलांचे सामने झाले, त्यांत १२५ किलो वजनाच्या गटांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. खानदेशच्या ढेकळांतून निघालेले पाय तेथील गादीवरही टिकले, ह्याचें आम्हांस अप्रूप आहे. आणि ह्याचेंही कीं त्या सामन्यांत उतरलेला प्रत्येक गडी हा कोणत्या ना कोणत्या देशाच्या अशाच एखाद्या दलाची चाकरी करणारा किंवा करून निवृत्त झालेला होता.